पोराची झोप

आमच्या गावात माणसाचा फोटो चौकात दोनदा लागतो, एकदा वाढदिवसाला आणि एकदा गेल्यावर. बांबू तेच असतात, फ्लेक्स छापणाराही तोच. वाढदिवसाला खाली शुभेच्छुकांची तोंडं असतात, गेल्यावर त्याच तोंडांवर 'शोकाकुल' लिहून येतं. हे मी पूर्वी माहेरी गेले की सांगायचे आणि भावजय पोट धरून हसायची. आता सांगताना मलाच हसू येत नाही. खरं तर आता कशाचंच फारसं काही वाटत नाही, नुसतं दमल्यासारखं झालंय.

माझं माहेर पुण्याजवळच्या रिहे खोऱ्यात, सासर नेऱ्याच्या पलीकडं. मी लग्न होऊन आले तेव्हा इथंही भातच होतं. चिखलात लावणी करताना माझ्या हातातला हिरवा चुडा मळून गेला होता, ते अजून आठवतं. मग आयटीवाले आले, त्यांच्या मागनं बिल्डर आले आणि बिल्डरांच्या पुढं पळत एजंट आले. आमच्या मालकांनी जमीन विकली. आमच्याकडं बायका नवऱ्याला मालक म्हणतात, त्यात कौतुक काही नाही, पडलेली सवय आहे. पैसे आले तेव्हा ते पुरतील का, असं कुणीच विचारलं नाही. सगळ्यांनी विचारलं, गाडी कुठली घेताय?

गाडी घेतली. पांढरी, उंच, चढायला मला साडी आवरावी लागते अशी. नणंदेचं लग्न केलं, त्यात जेवायला कोण कोण आलं होतं ते मला आजही माहीत नाही. शर्यतीचे बैल घेतले, ते शर्यतीत कमी पळाले आणि पेंढ जास्त खाऊन गेले. उरलेल्या पैशात बँकेचं कर्ज घालून मालकांनी राहत्या घरावर दोन मजले चढवले. खाली आम्ही, वर भाड्याच्या खोल्या. हिशेब सोपा होता. भाड्यात हप्ता जाईल आणि वर हातखर्चाला उरेल.

काही वर्षं गेलाही हप्ता. लॅपटॉपवाली पोरं राहायची, आंटी आंटी करायची, संकष्टीला माझ्या हातची खिचडी खायची. मग त्यांच्या कंपन्यांनी सांगितलं, घरून काम करा. त्यांचं घर म्हणजे आमच्या खोल्या नव्हत्या. ती गेली, आणि परत आली ती थेट टॉवरमध्ये, जिथं लिफ्ट आहे आणि व्यायामाची मशिनं आहेत. आमच्याकडं टँकरचं पाणी आणि गच्चीवर वाळत घालायची दोरी. आता पहिल्या मजल्यावर सेंट्रिंगचं काम करणारे उत्तरेकडचे लोक राहतात. माणसं चांगली आहेत, पण एका खोलीत सहा जण राहून देणार किती? दुसरा मजला रिकामाच आहे. तिथं मी पापड वाळवते.

रस्त्याला लागून आमचे दहा गुंठे राहिले होते. ते विकले की कर्ज निघत होतं. पण ते विकायचेत हे कुणाला कळू द्यायचं नव्हतं, आणि इथंच आमच्या लोकांचं गाडं अडतं. आमच्याकडं नियम आहे, गरज दिसली की भाव पडतो. एजंट चहाला आला की कपाकडं बघत नाही, भिंतीकडं बघतो. रंग कधी दिलाय, पोपडे कुठं निघालेत, गाडीचे टायर झिजलेत का, बाईच्या हातात पाटल्या आहेत का. त्यावरून तो ठरवतो, ह्यांना सहा महिने दम धरवतोय का. म्हणून आम्ही दोन वर्षं दम धरला. दिवाळीला गेरू न देता ऑइलपेंट दिला. कुणाच्या लग्नाला गेलो की पाकीट जाड. माझ्या पाटल्या बँकेत गहाण होत्या आणि हातात होत्या त्या तुळशीबागेतल्या खोट्या, आणि त्या घालून मी हात हलवत बोलायचं, म्हणजे वाजतील. वैताग होता नुसता. भिकाऱ्याचं सोंग एकवेळ सोपं, श्रीमंताचं सोंग फार महाग पडतं.

ह्या सगळ्यात पोरगं होतं. एकुलतं एक, अकरावी सायन्सला, वय सोळा. तोंडाची टकळी दिवसभर चालू असायची त्याची. जेवताना बोलायचं, आंघोळीतून ओरडून बोलायचं, मी म्हणायचे, अरे, जरा श्वास घे. ते पोरगं ऐन पावसाळ्यात गप्प झालं. आधी सकाळचा क्लास बुडायला लागला, मग कॉलेज. दिवसा झोपायचं. दुपारी दोनला उठवलं तर तांबारलेले डोळे उघडून माझ्याकडं बघायचं आणि भिंतीकडं तोंड करायचं. जेवायला बसलं की भाकरीचे तुकडे करत राहायचं. शर्टाची बटणं लावताना मला त्याच्या बरगड्या दिसल्या. सोळा वर्षांच्या पोराची बटणं आई लावत नाही. मी लावली, कारण ते नुसतं बसून राहिलं होतं.

गावाकडं निदान करायला डॉक्टर लागत नाही. कुणी म्हणालं पोरीचं लफडं, कुणी म्हणालं व्यसन. मालकांनी त्याच्या तोंडाचा वास घेतला, खिसे तपासले, दप्तर उपडं केलं. गणपती झाल्यावर त्याचा मोबाईल काढून घेतला आणि कपाटात टाकला. म्हणाले, "रातभर डोळं फोडत बसतंय, म्हनून दिवसा लोळतंय. झोपंल आता." नाही झोपलं. मोबाईल नसतानाही ते रात्री जागंच असायचं, सकाळी तसंच कोमेजलेलं असायचं. शेजारच्या म्हातारीच्या सांगण्यावरून मी मीठमोहऱ्या ओवाळून चुलीत टाकल्या. चांगल्या तडतडल्या. म्हातारी म्हणाली, "बघ, लई नजर हुती." मोहऱ्याच होत्या त्या, तडतडणार नाहीत तर काय करणार.

शेवटी गावातल्या डॉक्टरांकडं नेलं. रक्त तपासलं, ताकदीच्या गोळ्या दिल्या, आणि पोराला बाहेर बसवून मला म्हणाले, वहिनी, शरीरात काही नाही. पुण्यात मनाच्या डॉक्टरला दाखवा, उशीर करू नका. घरी येऊन मी मालकांना सांगितलं. ते चहा पीत होते, कप खाली ठेवला.

"येड्याच्या डाक्टरकडं?"

"मनाच्या."

"एकच ते. आन गाडी तितं दारात उबी राह्यलेली बघितली कुनी तर? एजंटच्या कानावर गेलं का पोराला औषीद चालू हाय, तर त्यो काय म्हनंल? ह्यास्नी पैका लागतुया. झालं, बसा मग बोंबलत." मग जरा आवाज खाली आणून म्हणाले, "गुंठं जाऊ दे. मग दाखवू. महिन्याभराचा तर प्रश्न हाय."

महिन्याभराचा प्रश्न दोन वर्षं महिन्याभराचाच होता. मला राग आला. पण दिवसाला किती वेळा रागवायचं ह्यालाही मर्यादा असते, रागवायलाही अंगात जोर लागतो. मी भांडी घासायला घेतली. पोराला महिनाभर वांगी, भेंडी, चिकन, जे आवडायचं ते करून घातलं. पोरगं म्हणायचं, "चांगलं झालंय मम्मी," आणि ताट सरकवायचं. ते चांगलं झालंय म्हणायचं ना, त्यानं मला जास्त वाईट वाटायचं.

मार्गशीर्षात त्याचा वाढदिवस येतो. त्या दिवशी सकाळीच मालक आंघोळ करून, पांढरे कपडे घालून, हसत घरात आले. कित्येक महिन्यांत त्यांना तसं हसताना पाहिलं नव्हतं. पोराच्या खोलीचं दार उघडून म्हणाले, "ऊठ, वाघा. गच्चीवर जाऊन चौकात बघ जरा." पोरगं नुकतंच झोपलं होतं. तसंच अनवाणी जिना चढून गच्चीवर गेलं, मागोमाग मी.

चौकात आमचं पोरगं लागलं होतं. तिमजली वाटावं एवढं. काळा गॉगल, जो त्याच्याकडं नाही. गळ्यात जाड साखळी, जी आमच्याकडं राहिली नाही. रंग माझ्या भावजयीच्या पोरांसारखा गोरापान करून टाकलेला, मागं डरकाळी फोडणारा सिंह, आणि खाली ठळक अक्षरांत 'युवा उद्योजक'. अकरावीच्या पहिल्या चाचणीला न बसलेलं पोरगं. खाली शुभेच्छुक म्हणून गावातले सगळे, अगदी आमच्याशी बोलत नाहीत तेसुद्धा. मालक मागनं येऊन म्हणाले, "कसं वाटतंय?" त्यांना खरंच वाटत होतं की पोरगं उदास आहे ते गावात आपला मान कमी झाला म्हणून, आणि मान असा बांबूवर चढवला की पोरगं उठून उभं राहील. मला त्यांचा राग यावा की कीव, ते कळेना.

 पोरगं तसंच खाली गेलं, खोलीत शिरलं आणि आतून कडी लावली.

"लाजतंय," मालक म्हणाले, आणि केकचं बघायला बाहेर पडले.

मी दाराशी उभी राहिले. आतून आवाज नाही. मी दार वाजवलं, हाका मारल्या, आणि त्या दोन-चार मिनिटांत माझ्या मनात जे येऊन गेलं ते मी लिहिणार नाही. मग आतून त्याचा आवाज आला. "मम्मी, ते काढ."

"आज वाढदिवस हाय बाळा. उद्या काढत्याल."

"आत्ता काढ. मम्मी, तू काढ." ते रडत होतं.

मी म्हणाले, कडी काढ, मग जाते. त्यानं कडी काढली. मी वर राहणाऱ्या सेंट्रिंगवाल्यांतल्या बिहारच्या बाईला हाक मारून खाली दाराशी बसवलं, गोठ्यात जाऊन खुंटीवरचा विळा घेतला आणि चौकात गेले.

चहाच्या टपरीपुढं नेहमीची माणसं बसली होती. टपरीवाल्याची प्लॅस्टिकची खुर्ची मी न विचारता ओढली, बांबूला टेकवली आणि वर चढून सुतळी कापायला लागले. कुणीतरी म्हणालं, "वहिनी, काय झालं? वाकडं लागलंय का?" मी कापत राहिले. उठून मदतीलाही कुणी आलं नाही. फ्लेक्स लावायला दहा जण येतात, उतरवायला हात लावावा का लावू नये, ह्याची रीतच कुणाला माहीत नव्हती. एक बाजू सुटली तसा सगळा फ्लेक्स माझ्या डोक्यावर आला. आत उकडत होतं आणि शाईचा वास येत होता. पारावरचे एक म्हातारबाबा म्हणाले, "पोरी, जित्या मानसाचा फोटू उतरवू नये."

"ऊन लागतंय त्याला, बाबा," मी म्हणाले.

घडी घातलेला फ्लेक्स डोक्यावर घेऊन मी घरी आले. मालक फाटकात उभे. त्यांना माझ्या आधी बातमी पोचली होती.

"येड लागलंय का तुला? दुपारी एजंट यायचा हुता, गुंठं घेनारी पार्टी घिऊन. मुद्दाम चौकाच्या रस्त्यानं आनायचं ठरलं हुतं."

"म्हंजी पोरासाठी लावलं का एजंटसाठी?"

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. खोटं बोलायला ते कंटाळले असावेत. "दोघांसाठी," म्हणाले.

मी फ्लेक्स पाण्याच्या टाकीमागं टाकला आणि पोराकडं गेले. बिहारची बाई उठून गेली. पोरगं पलंगावर भिंतीला टेकून बसलं होतं. मी त्याच्या पायाशी बसले.  मग तेच बोललं.

"मागच्या महिन्यात त्या बांबूंवर कुनाचा फोटो हुता?"

मला आठवलं. आमच्याच आळीतले एक जण. त्यांनीही आमच्यासारख्याच खोल्या बांधल्या होत्या, आमच्याआधी. ते गेले तेव्हा घरच्यांनी हृदयाचं सांगितलं. सगळ्या गावाला खरं माहीत होतं आणि सगळं गाव हृदयाचं म्हणत होतं. एवढी माणुसकी गावात अजून आहे.

"त्यांची पोरगी माझ्या वर्गात हुती," पोरगं म्हणालं. "आता येत न्हाई. त्यो फोटो त्यांच्या वाढदिवसाचाच हुता मम्मी. गॉगल तेवढा काढला हुता."

"त्याचा तू कशाला इचार करतूस?"

"पप्पा फोनवर म्हनले, मी न्हाई राह्यलो तर निदान इम्याचे पैसे तरी येतील घरात."

मला आधी हसूच आलं, खरंच सांगते. हे तर आमच्या घरात चहासोबत बोलतात. हप्त्याची तारीख जवळ आली की मालक म्हणायचे, मेलो म्हंजी सुटलो. भाजी खारट झाली तरी म्हणायचे. माझी आई तर दिवसातून चार वेळा मरायची आणि ती ऐंशी वर्षं जगली. मी म्हणाले, "अरं, बोलतो मानूस. तोंडाची वाफ ती."

"तू विचारलं का त्यांना?"

 मी नव्हतं विचारलं.

"म्हनून मी जागा असतो," पोरगं म्हणालं. आवाजात काही नव्हतं, ना तक्रार, ना रडू. "तुमी झोपला का मी जिन्यात बसतो, खालच्या पायरीवर. तितनं फाटकाची कडी वाजल्याली कळती. पहाटं दूधवाला आला, मानसं उठली, का मग मी झोपतो."

सुगीत रानडुकरं येऊ नयेत म्हणून माझा बाप शेतात माच बांधून राखण करायचा. भात निघालं की तो घरी येऊन झोपायचा. ह्या पोराच्या राखणीला सुगी नव्हती, शेवट नव्हता. गॅसची सबसिडी, परीक्षेची फी, गाडीचा विमा, घरातलं सगळं त्याला कळत होतं आणि आम्ही मात्र त्याचे खिसे तपासत होतो. मी त्याचं डोकं मांडीवर घेतलं. केसांना वास येत होता, कित्येक दिवसांत न्हालं नव्हतं. मी रडले नाही. मी रडले असते तर त्यानं मलाही राखायला घेतलं असतं.

मालक पार्किंगमध्ये गाडी पुसत होते. ती गाडी महिन्यातून दोनदा निघायची, कारण डिझेल परवडत नव्हतं, पण पुसली जायची रोज. मी शेजारी जाऊन उभी राहिले आणि विचारलं. आडपडदा न ठेवता विचारलं, तुमच्या मनात जिवाचं काही बरंवाईट येतं का?

मला वाटलं होतं ओरडतील. नाही तर हसतील, म्हणतील, काय बी बोलतीस.

"पोराला काय म्हाईत?" ते म्हणाले.

मी त्याचं नावही घेतलं नव्हतं.  मी गाडीचं दार उघडून आत बसले, ते दुसऱ्या बाजूनं येऊन बसले. काचा बंद होत्या. समोरच्या भिंतीकडं बघत ते बोलत राहिले, त्या ऑइलपेंट दिलेल्या भिंतीकडं.

"गनपती झाल्यावर एकदा निघालो हुतो. कडी काढली, तर पोरगं जिन्यात बसल्यालं. म्हनलं, झोपला न्हाईस व्हय रं? तर म्हनलं, पप्पा, पानी आनू का? दोन डाव इचारलं, पानी आनू का. मग आलो मी माघारी. घरात यिऊन पानी प्यालो त्याच्या हातचं." मग थांबून म्हणाले, "मला वाटलं, मोबाईल बघत बसलं आसंल. दुसऱ्या दिवशी मी त्याचा मोबाईल काढून घेतला."

मला आधी राग आला. रडू नंतर आलं, फार नंतर. त्या क्षणी वाटलं, ह्या माणसाच्या दोन थोबाडीत द्याव्यात, आणि वाटलं, ह्याला कुशीत घ्यावं, आणि दोन्हीतलं काहीच जमेना, कारण गिअर मध्ये येत होता. मी एवढंच म्हणाले, "उद्या पुन्याला जायचं. डाक्टरकडं. तिघांनी. ह्याच गाडीनं, आन चौकातल्या रस्त्यानंच."

"एजंट..."

"भाव पडू द्या."

"लई पडंल."

"पडू द्या म्हनते ना."

दुपारी पार्टी आली तेव्हा मीच चहा घेऊन गेले आणि हातातल्या पाटल्या काढून ठेवून गेले. पुढचं सगळं एजंटनं स्वतःच ओळखलं, त्याचं कामच ते. गुंठे गेले ते जायला हवे होते त्यापेक्षा पुष्कळ कमीत. कर्ज अर्ध्याहून जास्त फिटलं, बाकीचं आहे. गाडीही विकली. आता मी यष्टीनं जाते, साडी आवरावी लागत नाही. पुण्याच्या डॉक्टरीणबाई माझ्यापेक्षा लहान आहेत. त्यांनी पोराला वेगळं घेतलं, मालकांना वेगळं घेतलं आणि दोघांनाही औषध दिलं. मालक गावात सांगतात पित्ताचं आहे, मीही तेच सांगते. पोरगं आठवड्यातले तीन-चार दिवस कॉलेजला जातं. वर्ष बुडलं ते बुडलंच. एकदम बरं असं काही होत नाही, हे डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. महिन्याला दोन खेपा होतात आमच्या, येता-जाताना तिघंही फारसं बोलत नाही. पण आमच्या घरात आता मेलो म्हंजी सुटलो असं कुणी म्हणत नाही. भाजी खारट झाली तर खारट झाली म्हणतात.

हे झालं पुढचं. पहिल्यांदा डॉक्टरकडून आलो त्या दिवशी जेवणं झाली, मालक गोळी घेऊन आडवे झाले, आणि पोरगं चादर काखेत मारून नेहमीसारखं जिन्याकडं निघालं. मी त्याच्याआधी जाऊन खालच्या पायरीवर बसले.

"जा, आत झोप," मी म्हणाले.

"आन पप्पा?"

"मी बसते. हितनं पुढं मीच बसनार."

ते उभंच राहिलं. मालिका बघता बघता भिंतीला टेकून घोरायला लागणारी त्याची आई त्याला माहीत होती. माझ्यावर एवढं सोपवावं का, ह्याचा त्यानं बराच विचार केला.

"तुला झोप आली तर?"

"तर तुला हाक मारीन."

"नक्की?"

"नक्की."

मग त्यानं चादर माझ्या हातात दिली आणि आत जाऊन झोपलं.